कागद हातचा, मजकूर उसना

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक कार्यक्रमांत 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे वृक्षारोपणाला विरोध करण्यासारखे समजले जाते. आम्हांला तो प्रश्न विचारावयाचा आहे. विशेषतः या स्पर्धेच्या ज्या उपप्रकाराला 'हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे' म्हणतात आणि ज्याचे आयोजन हल्ली मराठी विभागाच्या गळ्यात मोठ्या विश्वासाने घातले जाते, त्याविषयी. आमचे म्हणणे थोडक्यात असे: घरातल्या कागदाच्या कपट्यांपासून हातांनी शुभेच्छापत्र तयार करणे ही चांगली, शिकवण्याजोगी आणि आमच्या प्रदेशाच्या इतिहासात मुळे असलेली गोष्ट आहे. परंतु ज्या रीतीने ती आज करून घेतली जाते तीत काटकसर नाही, कारागिरी नाही आणि भाषाही नाही. पहिल्या दोन उणिवांबद्दल इतर कोणी बोलतील. तिसरीबद्दल बोलणे हे साहित्य शिकवणाऱ्यांचे काम आहे.

स्पर्धा प्रत्यक्षात कशी पार पडते ते पाहू. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी सूचनाफलकावर नोटीस लागते आणि त्याच संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानांत कार्डशीट, चमकी, सॅटिनची फीत, चिकट मोती आणि डिंकाच्या बाटल्या खपू लागतात. 'टाकाऊ' म्हणून जे वापरावयाचे ते नावापुरते: वर्तमानपत्राची एक पट्टी, बिस्किटाच्या पुड्याची चंदेरी बाजू, एखादे जुने बटण. म्हणजे टाकाऊला टिकाऊ करण्याकरिता आधी नवे विकत आणावयाचे. आणि तेही खेड्यावरून एस.टी.ने येणाऱ्या, कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरातल्या मुलीने. कार्ड उघडले की आत मोबाइलवरून उतरवलेली इंग्रजी ओळ असते, किंवा कोणाची आहे हे कोणालाच ठाऊक नसलेली चार ओळींची यमकजुळणी. परीक्षणाच्या तक्त्यात सुबकता, रंगसंगती, कल्पकता आणि 'पर्यावरण संदेश' असे रकाने असतात. मजकुराला रकाना नसतो. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन होते, अक्षांश-रेखांशासह छायाचित्र निघते, ते मूल्यांकनाच्या अहवालात जाते, आणि पुढे केव्हातरी कपाट रिकामे करताना सगळी कार्डे किलोच्या भावाने रद्दीत जातात. टिकाऊ झालेल्या वस्तूचे आयुष्य एका अहवालाइतके ठरते.

आधी त्या 'टाकाऊ' शब्दाचाच विचार करू. हा शब्द वस्तूचा गुण सांगतो असे वाटते. वास्तविक तो टाकणाऱ्याची ऐपत सांगतो. वऱ्हाडातल्या शेतकरी घरात जुने लुगडे गोधडीत जात असे, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई, आणि वेचणी संपलेली पऱ्हाटी चुलीत जाई. कागदाचीही तीच गत होती. बायका जुने कागद भिजत घालत, मऊ झाल्यावर त्यांत भिजवलेल्या मेथ्या वाटून घालत, आणि तो लगदा सुपांना व टोपल्यांना लिंपत. मेथ्यांचा बुळबुळीत चिकटपणा कागदाचा तंतू धरून ठेवतो आणि त्यांच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही, हे त्यांना कोणी प्रयोगशाळेत शिकवले नव्हते. घरातल्या कपट्यांपासून काही घडवण्याची ही खरीखुरी परंपरा होती. तिला बक्षीस नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, आणि 'टाकाऊ' हे नावही नव्हते. जिच्या घरी अशी टोपली अजून धान्याच्या कोठीवर आहे, तीच मुलगी महाविद्यालयात येऊन थर्माकोलचे फूल चिकटवते आणि त्यास कल्पकता म्हणावयास शिकते.

शब्दांचे हे अवमूल्यन तेथेच थांबत नाही. 'चिंधी' या शब्दाकडे पाहा. आजच्या बोलण्यात तो हलकेपणाचा आणि कंजूषपणाचा वाचक झाला आहे. परंतु ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाखाली आमची महाविद्यालये येतात, त्या गाडगेबाबांना लोक एके काळी चिंधेबुवा आणि गोधडेबुवा म्हणत. १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाने ठिगळांचे वस्त्र आणि फुटके गाडगे ही आपली ओळख केली. त्यांच्या ठिगळात सजावट नव्हती. आहे त्यात भागवण्याचा आणि कोणाचे मिंधे न होण्याचा निश्चय होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या कक्षेत चिंधीचा उपयोग चमकीच्या पार्श्वभूमीसाठी व्हावा, हे आम्हांला खटकते.

आता कारागिरीकडे वळू. हाताने कागद करणे आणि तयार कागद हाताने कापून चिकटवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या स्पर्धांत दुसरीला पहिलीचे नाव दिले जाते. पहिली अवघड नाही. पण तिला वेळ लागतो. कपटे रात्रभर भिजवावे लागतात, कुटून वा वाटून त्यांचा लगदा करावा लागतो, तो भरपूर पाण्यात सोडावा लागतो. लाकडी चौकटीवर जाळी ताणून केलेला साचा त्या पाण्यात बुडवून आडवा, समपातळीत उचलावा लागतो. हात हलला तर कागद एका बाजूला जाड आणि दुसरीकडे विरविरीत होतो. पाणी निथळल्यावर ओला थर कापडावर उलटवून, दाबाखाली ठेवून सावलीत वाळवावा लागतो. इतके केल्यावर कागद होतो, पण तो लिहिण्याजोगा होत नाही. त्यासाठी त्याला खळ द्यावी लागते. खळ नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो; त्यावर शाईचा टाक टेकवला की शाई फुटते, अक्षराला पाय फुटतात. जुने कागदी खळ दिलेला कागद गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत असत, बोरू अडखळू नये म्हणून.

आमच्या वादाचा कणा याच तपशिलात आहे. ज्या थोड्या ठिकाणी कार्यशाळा घेऊन खरोखर लगद्यापासून कागद केला जातो, तेथेही खळीचा पाठ बहुधा नसतो. मुले कागद करतात, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि कांद्याची टरफले घालतात, तो सुंदरही दिसतो. पण त्यावर लिहिता येत नाही. आणि तक्रार कोणीच करत नाही! शाई फुटते हे कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण त्यावर कोणी लिहीतच नाही. मजकूर छापून आणलेला असतो. तो चिकटवला जातो. कागदाची ही उणीव भाषेच्या उणिवेमुळे झाकली गेली आहे.

महाराष्ट्रातील हातकागदाचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट किती विपरीत आहे ते कळते. दौलताबादेजवळचे कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातले जुन्नर ही कागदी कारागिरांची जुनी ठिकाणे. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर मराठी राज्याचा कारभार लिहिला गेला. आमच्या वऱ्हाडातल्या मठांनी जपलेल्या महानुभाव पोथ्याही हातकागदावरच आहेत. तो कागद कशासाठी होता याविषयी करणाऱ्याच्या मनात संशय नव्हता. तो लिहिणाऱ्याकडे तोंड करून केलेला कागद होता. पुढे गिरणीचा कागद आला, आणि हा धंदा एकोणिसाव्या शतकात मागे पडत गेला. त्याला पुन्हा उभे करण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झाला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे काम जे. सी. कुमारप्पांनी चालवले, आणि हातकागद हा त्यातला एक महत्त्वाचा उद्योग होता. के. बी. जोशी यांचे कागदनिर्मितीवरील पुस्तक याच संघाने प्रसिद्ध केले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय संविधानाची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, ती पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर. मगनवाडी असो वा पुणे, कागद हा मजकुराच्या सेवेला होता.

कपट्याचेही तसेच. गांधीजी आलेल्या पत्रांचे लिफाफे फाडून त्यांच्या आतल्या बाजूवर लिहीत, हे सर्वश्रुत आहे. २ जून १९४७ हा सोमवार, म्हणजे त्यांचा मौनाचा दिवस होता. फाळणीच्या योजनेसंबंधी माउंटबॅटन यांच्याशी झालेल्या त्या दिवशीच्या भेटीत त्यांनी आपले म्हणणे वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून दिले. घरगुती कपट्याचा याहून गंभीर उपयोग आम्हांला ठाऊक नाही. तेथे कपट्याला सजवावे असे कोणाला वाटले नाही, कारण त्यावर लिहिलेले वाक्य स्वतःचे होते आणि त्याची गरज होती.

आणखी एक गोष्ट, जी साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी सांगावी लागू नये. लगदा करण्यापूर्वी कागद वाचावयाचा असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो लोकांच्या घरांत धूळ खात पडलेल्या कागदांतून. घरमालकांच्या लेखी त्यांतले पुष्कळसे टाकाऊच होते. वाळवी, पाऊस आणि वाण्याच्या पुड्या यांतून जे वाचले ते महाराष्ट्राचे इतिहाससाधन झाले. यवतमाळच्या शारदाश्रमाने आणि य. खु. देशपांडे यांनी वऱ्हाडातली हस्तलिखिते जमवली नसती, तर आमच्या अभ्यासक्रमातले महानुभाव वाङ्मय कितीतरी तोकडे राहिले असते. आज 'घरातले जुने कागद आणा' अशी नोटीस लावताना आम्ही मुलांना काय आणावयास सांगतो आहोत, याचा विचार आयोजकांनी केला आहे काय? पेटीच्या तळाशी असलेली आजोबांची आंतर्देशीय पत्रे, सावकाराच्या व्यवहाराच्या चिठ्ठ्या, बाजार समितीच्या जुन्या पावत्या, मोडीतले एखादे चिटोरे, हे सगळे त्या नोटिशीच्या अर्थाने 'जुने कागद'च आहेत. ते न वाचता भिजत घालणे हे पर्यावरणरक्षण नव्हे.

आता या प्रथेच्या बाजूने जे बोलले जाते त्याकडे वळू. पहिले म्हणणे असे की मुले निदान हातांनी काही करतात, त्यांना आनंद मिळतो; त्यात मोडता का घालावा? आनंदाला आमचा विरोध नाही. पण पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याला बालवाडीचा आनंद देऊन त्यास शिक्षण म्हणणे, हा त्या विद्यार्थ्याचा अपमान आहे.

दुसरे म्हणणे पर्यावरणाचे. त्यावर चमकीचा एक चमचा पुरेसे उत्तर आहे. प्लॅस्टिकची चमकी, प्लॅस्टिकचे मोती आणि डिंकाचे जाड थर लावलेला कागद पुन्हा लगद्यात घालणे अवघड. म्हणजे ज्या कागदाचा पुन्हा कागद होऊ शकला असता तो या स्पर्धेने कायमचा बाद केला. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड होत जातो हे खरे, तरी पाच-सात फेऱ्या तो सहज काढतो. आम्ही त्याला पहिल्याच फेरीत अडवतो.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे, कारण त्यामागे शासनाचे धोरण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कौशल्यवर्धनाच्या श्रेयांकांना महत्त्व आले, आणि 'मराठी शिकून मुलांना काय येते?' या प्रश्नाला उत्तर म्हणून अशा कार्यशाळा पुढे केल्या जाऊ लागल्या. आम्ही कौशल्य या शब्दाला गांभीर्याने घेतो, म्हणूनच विचारतो: हे कोणते कौशल्य? हातकागद हा आजही जिवंत उद्योग आहे. सांगानेरचे कागझी आणि पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचा हातकागद विभाग तो करतात. या उद्योगाचा एक प्रमुख कच्चा माल म्हणजे होजियरीची सुती कात्रणे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, म्हणून तो पिवळा आणि ठिसूळ होतो. सुती तंतू लांब आणि जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा, म्हणून चिंधीचा कागद टिकतो. आणि तो कापूस पिकतो कोठे? आमच्याच काळ्या मातीत. तो येथे सरकी काढून, गाठी बांधून बाहेर जातो, आणि त्याच्या कात्रणांचा कागद दुसरेच लोक करतात. शेजारच्या नांदगाव पेठेत वस्त्रोद्योगाचे उद्यान आहे. उद्या तेथली कात्रणे मागून आणून एखाद्या महाविद्यालयाने सारख्या जाडीचे शंभर ताव काढावयास शिकवले, त्यांचे वजन, दर आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब मांडावयास लावला, तर त्यास आम्ही कौशल्य म्हणू आणि स्वतः पाण्यात हात घालू. दोन तासांत चिकटवलेल्या कार्डाला श्रेयांक देणे ही मात्र कौशल्याचीही फसवणूक आहे.

राहिला मजकूर. मराठीत या वस्तूला 'शुभेच्छापत्र' म्हणतात. म्हणजे ते पत्र आहे. पत्राला लिहिणारा असतो, ज्याला लिहिले तो असतो, आणि त्या दोघांमध्ये जे आहे ते मायन्यापासून दिसू लागते. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'साष्टांग नमस्कार', 'अनेक आशीर्वाद' ही जुनी शिष्टाचाराची भाषा आज कोणी जशीच्या तशी वापरावी असा आमचा आग्रह नाही. परंतु नात्यानुसार भाषा बदलते, हे ज्ञान मायन्यात साठवलेले होते. छापील ओळीत ते नाही. आईला, मित्राला, गुरुजींना आणि निवृत्त होणाऱ्या शिपायालाही एकच ओळ चालते, कारण ती कोणालाच उद्देशून नसते. आम्ही वर्गात पत्रवाङ्मय शिकवतो. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' शिकवतो, जी. ए. कुलकर्णींच्या पत्रसंग्रहांवर टिपा लिहून घेतो. आणि त्याच विभागाच्या स्पर्धेत स्वतःच्या आईला दोन वाक्ये न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले बक्षीस देतो. हा विसंवाद आयोजकांना बोचत नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

विद्यार्थी का लिहीत नाही? त्याला सांगण्यासारखे काही नाही म्हणून नव्हे. त्याच्याजवळची भाषा लिहिण्याच्या योग्यतेची नाही, असे आम्हीच त्याच्या मनावर बिंबवले आहे म्हणून. वसतिगृहात राहणारा मुलगा घरी फोनवर 'माय, तुह्या हातच्या भाकरीची चव अठी नाही' असे सहज म्हणेल. कार्डावर मात्र तो परक्या भाषेतली तयार ओळ उतरवील, कारण वऱ्हाडी 'अशुद्ध' आहे असे त्याने ऐकले आहे. ज्या भाषेत उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' लिहिली आणि जी कादंबरी आपण मराठीतली महत्त्वाची म्हणून शिकवतो, त्या भाषेतले एक वाक्य आईला लिहावयास त्याला संकोच वाटतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. लीळाचरित्राची भाषा ही त्या काळच्या बोलण्याजवळची भाषा होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मग मोठ्या मायला, आबाजीला लिहावयाच्या दोन ओळी त्यांच्या कानाला ओळखीच्या का असू नयेत?

तेव्हा आमची मागणी स्पर्धा बंद करण्याची नाही. ती खरी करण्याची आहे. नवे सामान विकत आणण्यास बंदी असावी, आणि त्यात चमकी पहिली. घरून आलेले कागद आधी निवडावेत व वाचावेत. जपण्याजोगे असेल ते ग्रंथालयाकडे किंवा घरच्यांकडे परत जावे, आणि उरलेल्याचाच लगदा व्हावा. मेथ्यांचा लगदा करणाऱ्या एखाद्या आजीबाईंना मान्यवर म्हणून बोलवावे आणि मानधनही द्यावे. कागदाला खळ द्यावी. शेवटी, प्रत्येक शुभेच्छापत्र एका खऱ्या व्यक्तीला, स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या बोलीत लिहिलेले असावे, आणि छायाचित्र निघाल्यावर कपाटात न जाता टपालाने त्या व्यक्तीकडे जावे. खाजगी मजकूर परीक्षकांना दाखवावयाचा नसेल तर विद्यार्थ्याने पाकीट बंद करून द्यावे. ते पाकीट आम्ही उघडणार नाही.

आमच्याकडे परीक्षणाचे निमंत्रण पाठवणाऱ्यांना यापुढे एवढेच सांगणे आहे. शाई फुटलेली असेल तर खळीचे गुण कापू. कागद एका बाजूला जाड असेल तर साच्याचे. पण जे कार्ड कोणाला लिहिलेलेच नाही, ते कितीही सुबक असले तरी शुभेच्छापत्र म्हणून आम्ही तपासणार नाही.